कण्हसेल ते कृष्णगिरी : बौद्धांची लेखनभाषा आणि बहुजन

१

बोरिवलीच्या डोंगरातल्या लेण्यांना आज आपण कान्हेरी म्हणतो. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी ज्यांनी तिथल्या भिंतींवर आपले दानलेख कोरवून घेतले, ते या डोंगराला 'कण्हसेल' म्हणत. इ. स. ४९४-९५ च्या एका ताम्रपटात त्याच जागेचे नाव 'कृष्णगिरी' असे येते. अर्थ तोच, काळा डोंगर. बदलली ती भाषा. नंतरच्या राजवटींनीही कृष्णगिरी हेच नाव लिहिले, परंतु लोकांच्या तोंडी ते कधी बसले नाही. लोकांनी 'कण्ह' सोडला नाही, आणि आज बोरिवली स्टेशनवर कुणी कृष्णगिरीचा पत्ता विचारीत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा शब्दबदल आहे. बौद्धांनी आधी लोकभाषेत का लिहिले, मग संस्कृतात का लिहू लागले, आणि या बदलात कोणाचे काय गेले, हे प्रश्न केवळ भाषापंडितांचे नाहीत. ते आपले आहेत.

आपल्या चळवळीत याविषयी एक ठाम मत ऐकू येते. संस्कृत ही ब्राह्मणांची, पाली-प्राकृत आपली, आणि बौद्धांनी संस्कृत हाती घेतली त्या दिवशीच धम्माचा घात झाला, असे ते मत. दुसरे मत चळवळीबाहेरचे. प्राकृत म्हणजे बिघडलेली संस्कृत, अडाण्यांचे बोलणे, हे ते दुसरे मत; आणि ते शाळेपासून आपल्या मुलांच्या कानावर पडत असते. हे दुसरे मत अपमान करते म्हणून आपण पहिले जवळ करतो. पण संतापातून घेतलेली भूमिका पुराव्याला टेकवून पाहिली नाही, तर प्रतिपक्षाच्या पहिल्याच प्रश्नाला ती कोसळते. पुरावा तर आपल्या उपनगरांतच आहे. बोरिवलीला कान्हेरी आणि मागाठाणे आहे, अंधेरीला महाकाली म्हणजे कोंडिविट्याची लेणी आहेत, आणि विरारच्या अलीकडे सोपारा आहे. तो वाचायचा कोणी, एवढाच प्रश्न आहे.

२

मुळापासून सुरुवात करू. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग नोंदलेला आहे. यमेळु आणि तेकुल नावाचे दोन भिक्खू होते. दोघे ब्राह्मण कुळात जन्मलेले आणि वाणीने गोड. त्यांनी भगवंतांकडे तक्रार केली, की नाना नावांचे, नाना गोत्रांचे, नाना जातींचे, नाना कुळांचे लोक संघात आले आहेत आणि ते आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवून टाकतात. तेव्हा ते 'छंदा'त बसवावे. छंद म्हणजे वेदाच्या धर्तीची संस्कारित भाषा. बुद्धांनी त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली आणि बुद्धवचन स्वतःच्या निरुक्तीत, म्हणजे बोलीत, शिकण्याची अनुज्ञा दिली.

तक्रारीचा रोख नीट पाहावा. तक्रार वरकरणी भाषेची आहे, पण तिच्यात आधी जात येते, गोत्र येते, कूळ येते आणि मग उच्चार येतो. कोण बोलतो आहे याचा त्रास झाला, म्हणून कसे बोलतो आहे याचा दोष निघाला. ज्या मुलाने शाळेत आपल्या घरच्या बोलीत उत्तर दिले आणि वर्ग हसला, त्याला ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने 'स्वतःची निरुक्ती' याचा अर्थ बुद्धांची स्वतःची मागधी असा लावला. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी ज्याची त्याची बोली असा लावला. वाद व्याकरणाचा आहे, पण इतिहास दुसऱ्या अर्थाच्या बाजूने उभा राहतो. कारण धम्म जिथे गेला तिथली बोली त्याने उचलली. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातल्या अशोकाचे लेख पाहा. पूर्वेकडे राजाला 'लाजा' म्हटले आहे, पश्चिमेला गिरनारवर 'राजा'. वायव्येला लिपीसुद्धा बदलते, खरोष्ठी येते. आणि कंदाहारला तर ग्रीक व अरामी भाषा येतात. सम्राटाची आज्ञा एकच होती, पण ती ज्याला ऐकवायची त्याच्या जिभेवर ती बसवली होती. सोपाऱ्याला याच आज्ञांपैकी आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सापडला, आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला मिळाला. धम्मदीक्षेच्या वर्षीच सोपाऱ्याच्या वाळूतून अशोक पुन्हा बोलला, हा योगायोग आहे. पण विसरू नये असा.

पालीविषयीही इथेच एक सांगायला हवे. जिला आपण बुद्धांची भाषा म्हणतो ती पाली नेमकी मगधातली बोली नव्हे. तिच्यात पश्चिम भारतातल्या बोलींच्या खुणा आहेत, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. ती त्रिपिटकासाठी घडत गेलेली ग्रंथभाषा आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत वट्टगामणी राजाच्या काळी त्रिपिटक लेखनबद्ध झाले, अशी तिथली परंपरा सांगते. म्हणजे पालीही प्रवास करून, मिसळून घडली आहे. शुद्धतेचा अभिमान बाळगायला बौद्ध परंपरेत मुळात जागाच नाही.

३

आता कान्हेरीच्या भिंतीकडे येऊ. ब्राह्मी लिपीचे कोडे १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने सोडवल्यावर हे लेख बोलू लागले. भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी यांनी ते वाचले. १९९१ साली शोभना गोखले यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे त्यांचा स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला. या लेखांत राजे थोडे आणि माणसे पुष्कळ आहेत.

कल्याणचा सोनार सामिदत पाण्याचे टाके देतो. कल्याणचाच एक लोहार, नाव नद म्हणजे नंद, डोंगरावरची वाट बांधून देतो. सोपाऱ्याचा मणिकार नागपालित दान देतो. एका थेराची शिष्या असलेली पोणकिअसना नावाची भिक्खुणी लेणे देते. शेटजी आहेत, त्यांच्या बायका आहेत, गृहपती आहेत. यज्ञश्री सातकर्णीच्या काळात मोठे चैत्यगृह उभारणारे दोघे सख्खे भाऊ व्यापारी आहेत. आणि या सर्वांची भाषा प्राकृत आहे. त्यांना जी भाषा समजत होती, तीच दगडावर आली.

इथे लोहाराचे नाव कोरले गेले ही साधी गोष्ट नाही. ज्या समाजरचनेने कारागिराला शूद्र ठरवले, तिच्या ग्रंथांत कल्याणचा नंद लोहार कधी नावानिशी भेटत नाही. तो भेटतो तो लेण्याच्या भिंतीवर, आणि त्याने वाट बांधली म्हणून भेटतो.

या लेखांतले शब्द मराठी माणसाने कान देऊन ऐकावेत. लेण्याला ते 'लेण' म्हणतात. आपण आजही लेणेच म्हणतो. कान्हेरीच्या लेखात येणारे 'मगलठाण' गाव म्हणजे आजचे बोरिवलीचे मागाठाणे. तिथे आता बसचा डेपो आहे, मेट्रोचे स्थानक आहे. रोज हजारो लोक जे नाव उच्चारतात ते अठराशे वर्षे जुने आहे, आणि ते कुणा पंडिताने राखलेले नाही.

अंधेरीच्या महाकाली लेण्यांत एक छोटा लेख आहे. गोतम गोत्राचा एक ब्राह्मण आपल्या भावासह विहार दान देतो, असा त्याचा आशय. हा ब्राह्मणही प्राकृतातच लिहितो. याचा अर्थ उघड आहे. त्या काळी या भागात दान जाहीर करायची भाषा प्राकृत होती, आणि ब्राह्मणालाही त्याच भाषेत यावे लागे. दगडावरच्या पुराव्यापुरते बोलायचे तर प्राकृत आधी आली, संस्कृत मागून आली. वेदांची भाषा जुनी आहे, हे कोणी नाकारीत नाही. पण भाषा जुनी असणे निराळे आणि चारचौघांत वाचायला ती दगडावर येणे निराळे. प्राकृत म्हणजे बिघडलेली संस्कृत म्हणणाऱ्यांना सातवाहनांचे राज्य कोणत्या भाषेत चालले, एवढे विचारले तरी पुरे.

४

मग संस्कृत आली कशी? कान्हेरीलाच एका टाक्यावर त्याचे उत्तर आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक राजवंशातली, एका महाक्षत्रपाची मुलगी होती. हा महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामन, असे अभ्यासक मानतात. तिचा विश्वासू अमात्य शतेरक याने पाण्याचे टाके दान दिले आणि त्याचा लेख संस्कृतात कोरवला. सामिदत सोनार टाक्याला 'पोढि' म्हणतो. शतेरक अमात्य 'पानीयभाजन' म्हणतो. दोन्ही टाक्यांतले पाणी एकाच पावसाचे. पण एक शब्द बाजारातून आला आणि दुसरा दरबारातून.

रुद्रदामन हा शक क्षत्रप. त्याचा इ. स. १५० च्या सुमाराचा जुनागढचा लेख हा संस्कृत गद्यातला पहिला मोठा शिलालेख मानला जातो. त्याही आधी नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने आपला लेख संस्कृतात सुरू करून प्राकृतात संपवला आहे. हे शक कोण? धर्मशास्त्राच्या हिशेबी म्लेच्छ. ज्या भाषेचे पावित्र्य सांगून शूद्राच्या कानाला शिक्षा फर्मावली गेली, ती भाषा या भागात दगडावर मिरवली ती परदेशातून आलेल्या राजघराण्यांनी. नव्या राजाला प्रतिष्ठा हवी होती, आणि ती देणारी भाषा तयार होती. संस्कृतचा विस्तार हा देवांच्या इच्छेने झालेला नाही, तो सत्तेच्या गरजेने झाला आहे.

पण इथेच आपल्या बाजूच्या सोप्या समीकरणालाही तडा जातो. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. भाषा स्वच्छ प्राकृत, दान बौद्ध भिक्खूंना. आणि त्यात आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगताना ती माता म्हणते, की तो अद्वितीय ब्राह्मण होता आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबवला. म्हणजे चातुर्वर्ण्याचा अभिमान लोकभाषेत, बौद्ध लेण्यात, भिक्खूंच्या डोक्यावर कोरलेला आहे. याउलट 'वज्रसूची' घ्या. अश्वघोषाच्या नावावर असलेला हा छोटा ग्रंथ जन्मावरून ब्राह्मण ठरवण्याच्या कल्पनेची एकेक वीट काढतो. जीव ब्राह्मण की देह ब्राह्मण, की जन्म, की ज्ञान, असे विचारत जातो. तो ग्रंथ संस्कृतात आहे. ब्राह्मणांच्याच शास्त्रांतले दाखले त्यांच्यावर उलटवतो.

तेव्हा नुसती भाषा पाहून विचार ओळखता येत नाही. प्राकृतात वर्णव्यवस्था बोलू शकते, संस्कृतात जातिविरोध बोलू शकतो. खरा प्रश्न असा विचारला पाहिजे, की त्या भाषेचे दार कोणाला उघडे होते. वज्रसूची कितीही धारदार असली, तरी ज्याच्या मानेवर जातीचे जू होते त्याला ती वाचता येत नव्हती. शस्त्र तयार होते, पण ते ज्याच्या कामाचे त्याच्या हाती नव्हते.

५

लेण्यांकडून हस्तलिखितांकडे वळले की हाच झगडा अधिक स्पष्ट दिसतो. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी बौद्ध हस्तलिखिते भूर्जपत्रांवरची आहेत, खरोष्ठी लिपीत आणि गांधारी प्राकृतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे १९९४ साली मातीच्या घड्यांतून निघालेल्या अशा गुंडाळ्या आल्या, त्या इ. स. च्या पहिल्या शतकातल्या मानल्या जातात. सर्वांत जुनी भारतीय हस्तलिखिते हीच, आणि ती संस्कृतात नाहीत. वायव्येकडच्या साध्या बोलीत आहेत.

त्यानंतर काय घडले ते 'महावस्तु'सारख्या ग्रंथात दिसते. तिथली भाषा ना धड प्राकृत, ना पाणिनीची संस्कृत. शब्द संस्कृताचा, प्रत्यय प्राकृताचा. सद्धर्मपुंडरीकात गद्य बरेच संस्कृत झालेले, पण गाथांत जुनी बोली अडून बसलेली. कारण गाथेतला उच्चार बदलला तर वृत्त मोडते. फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने १९५३ साली या भाषेचे व्याकरण आणि कोश प्रसिद्ध केला आणि तिला 'बौद्ध संकर संस्कृत' म्हटले. तोवर अनेक पंडित तिला अशुद्ध संस्कृत समजत. वास्तविक ती लोकभाषेतली वचने वरच्या भाषेत चढवताना उमटलेली खूण आहे. नवी वस्त्रे घातली तरी चालण्याची ढब बदलत नाही, तसे ते आहे.

बौद्धांना हे का करावेसे वाटले? केवळ न्यूनगंड हे उत्तर अपुरे आहे. कान्हेरीचा ४९४-९५ चा ताम्रपट पाहा. जेम्स बर्डला तो १८३९ साली एका स्तूपात मिळाला. त्यात सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुचीने कृष्णगिरीच्या महाविहारात चैत्य बांधल्याची नोंद आहे. पुढे नवव्या शतकात गौड देशातून, म्हणजे बंगालकडून, आलेला अविघ्नाकर नावाचा उपासक इथे द्रम्मांची ठेव ठेवतो. सिंधचा माणूस, बंगालचा माणूस आणि कोकणातला भिक्खू एकत्र बसले तर बोलणार कोणत्या बोलीत? तोवर बोली एकमेकींपासून लांब गेल्या होत्या. विद्यापीठांतले वादविवाद संस्कृतात चालत होते, आणि नैयायिकांना उत्तर द्यायचे तर त्यांच्या भाषेत द्यावे लागे. ही गरज खरी होती. संस्कृतामुळे बौद्ध ग्रंथ नेपाळात गेले, मध्य आशियात गेले, तिबेटी आणि चिनी भाषांतरांना आधार मिळाला. ग्रंथ इथे नष्ट झाले तेव्हा तिथे वाचले.

याचा एक हृद्य दाखला केंब्रिजला आहे. १०१५ साली नेपाळात ताडपत्रावर लिहिलेली 'अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता' केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तिच्यात निरनिराळ्या बौद्ध स्थळांची छोटी रंगीत चित्रे आहेत, आणि त्यांत कोकणातल्या कृष्णगिरीच्या चैत्याचे चित्र आहे. हिमालयाच्या पायथ्याशी बसून कुणा चित्रकाराने आपला बोरिवलीचा डोंगर चितारला. ही कीर्ती कृष्णगिरी या नावाने पोचली, कण्हसेल या नावाने नाही.

कान्हेरीलाही हस्तलिखिते होती. नवव्या शतकाच्या मध्यावर, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचा कोकणातला शिलाहार मांडलिक यांच्या काळातल्या एका लेखात एका वृद्ध अमात्याने दिलेल्या ठेवीचा हिशेब आहे. पूजेसाठी २० द्रम्म, विहाराच्या डागडुजीसाठी ३, चीवरांसाठी ५ आणि पुस्तकांसाठी १ द्रम्म. त्या एका द्रम्माच्या पुस्तकांतले एक पानही आज कान्हेरीत नाही. कोकणच्या पावसाने आणि वाळवीने ताडपत्र गिळले. दगडावरचा लोहार राहिला, पानावरचे पांडित्य गेले.

६

आता हिशेब मांडू. संस्कृत आल्यावर देशभरच्या पंडितांशी बोलणे सोपे झाले आणि कल्याणच्या लोहाराशी बोलणे अवघड झाले. नवव्या शतकातल्या या संस्कृत लेखांत राजा आहे, मांडलिक आहे, अमात्य आहे, दूरचा उपासक आहे. सोनार, लोहार, मणिकार त्यांत नाहीत. याचे खापर एकट्या भाषेवर फोडणे मात्र अनैतिहासिक होईल. रोमशी चाललेला समुद्री व्यापार ओसरला, सोपारा-कल्याणच्या श्रेणींची भरभराट संपली, कारागिराच्या हातात दान द्यायला पैसा राहिला नाही. विहार राजांच्या आणि अमात्यांच्या ठेवींवर जगू लागले. पोशिंदा बदलला, तशी भाषा बदलली. भाषाबदल हा रोग नव्हता, पण तो नाडीचा ठोका होता. ज्या धर्मसंस्थेला लोहाराची गरज उरत नाही, तिला लोहाराच्या भाषेचीही गरज उरत नाही. आणि राजाश्रय गेल्यावर तिला वाचवायला लोहार येत नाही.

बंगालमध्ये काय झाले ते ताडून पाहण्यासारखे आहे. हरप्रसाद शास्त्रींना १९०७ साली नेपाळात चर्यागीतांचे हस्तलिखित मिळाले. १९१६ साली ते प्रसिद्ध झाले. बौद्ध सिद्धांची ही गीते पूर्वेकडच्या लोकबोलीत आहेत, आणि त्यांच्या कर्त्यांत डोंबी, शबर, तंती अशी नावे आहेत. डोंब, आदिवासी, विणकर ही त्या नावांतली कुळी. आणि त्या लोकगीतांना हस्तलिखितात वेढून आहे मुनिदत्ताची संस्कृत टीका. एकाच पानावर दोन्ही भाषा. गाणे डोंबाच्या नावाचे, अर्थ पंडिताचा. पण निदान गाणे तरी राहिले. आपल्याकडे तेही नाही. मराठी ग्रंथभाषा होईपर्यंत कान्हेरी शांत झाली होती. शेवटी शेवटी तिथे आलेल्या पारशी प्रवाशांनी १००९ आणि १०२१ साली आपली नावे पहलवीत कोरली, एवढे आपल्याला दिसते. मराठीतले जुने बौद्ध हस्तलिखित आपल्या हाती नाही. 'स्वतःच्या बोलीत' हा बुद्धांचा आग्रह तेराव्या शतकात मराठीत उचलला तो महानुभावांनी. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या शिष्याला नागदेवाचार्यांनी थांबवले, कारण त्याने साध्या बायाबापड्या वंचित झाल्या असत्या.

कान्हेरीतल्या शेवटच्या भिक्खूपासून विसाव्या शतकापर्यंतची ही पोकळी आपण मोजली पाहिजे. ती भरली कशी, हेही पाहिले पाहिजे. १८९८ साली मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी बुद्धाचे चरित्र मराठीत लिहिले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी ते त्याला भेट दिले. याच भीमरावाला शाळेत संस्कृत शिकू दिले नव्हते; तो अस्पृश्य होता म्हणून त्याला फारसी घ्यावी लागली. ज्या मुलाला संस्कृतचे दार बंद झाले, त्याला बुद्ध मराठीत भेटला. हे वाक्य आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावे. आणि त्या मुलाने सूड म्हणून संस्कृतकडे पाठ फिरवली नाही. पुढे त्याने ती स्वतः शिकली, तिच्यातले धर्मशास्त्र मुळातून तपासले आणि मगच नाकारले. पालीचे व्याकरण आणि कोशही बाबासाहेबांनी तयार केला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्रिशरण आणि पंचशील पालीत झाले, आणि बावीस प्रतिज्ञा मराठीत. परंपरेशी जोडणारा धागा पालीचा. पण ज्या शब्दांनी आयुष्य बदलायचे होते ते समोर बसलेल्या शेतमजुराला, गिरणीकामगाराला, त्याच्या बायकोला कळतील असे होते. यमेळु-तेकुलांना बुद्धांनी दिलेले उत्तर त्या दिवशी मराठीत पुन्हा दिले गेले.

७

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठी, पाली आणि प्राकृत यांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झालाच पाहिजे. पण मराठीचे प्राचीनत्व सांगताना ज्या प्राकृत शिलालेखांचा दाखला दिला जातो ते बहुतांशी बौद्ध लेण्यांत आहेत, हे किती भाषणांत ऐकू आले? मराठीच्या गौरवात लेण मिरवायचे आणि लेण्यातला लोहार वगळायचा, असे होऊ देता कामा नये.

आपल्याकडेही एक सावधगिरी हवी. उपनगरांतल्या वस्त्यांत, घाटकोपरला, मुलुंडला, रोज संध्याकाळी वंदना होते. माझ्या वर्गातल्या मुलामुलींना ती मुखोद्गत असते. अर्थ विचारला की खूपजण गप्प होतात. माझ्या आईलाही ती अर्थाविना पाठ होती, आणि तिच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण न कळणारी पवित्र भाषा ही आपण कोणाकडून घेतलेली सवय आहे, हे स्वतःला विचारले पाहिजे. पाली देव्हाऱ्यात ठेवली तर तिची संस्कृत व्हायला वेळ लागत नाही. पाली शिकावी, प्राकृत शिकावी, संस्कृतही शिकावी; आपल्याला नाकारलेले दार म्हणून तर जरूर शिकावी. आणि शिकून जे सापडेल ते आईला कळेल अशा मराठीत सांगावे.

यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. ब्राह्मीची मुळाक्षरे जिद्दीने बसले तर एका सुट्टीत येतात. प्रत्येक महाविद्यालयातल्या चार मुलांनी ती शिकावी, कान्हेरीला सहलीऐवजी वाचायला जावे, टाक्यांवरची अक्षरे स्वतःच्या बोटाने लावावीत. कल्याणच्या नंद लोहाराने वाट बांधली ती चालण्यासाठी. आपले नाव त्याने त्याला कळणाऱ्या भाषेत लिहवून घेतले, ते वाचले जावे म्हणून. ते वाचायचे काम आता आपले आहे.